झाडं छाटतो, जीएसटी नंबर घेऊ का?

वाचकांचे प्रश्न : धंदा आणि कर

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी वारज्याला राहतो. बंगल्यांतली, सोसायट्यांतली झाडं छाटणं आणि वाळलेली, धोकादायक झालेली झाडं महापालिकेच्या परवानगीने उतरवणं हा माझा धंदा. तीन पोरं कायमची आहेत, एप्रिल-मेमध्ये आणखी चार-पाच लागतात. दोन कटर मशिनं, दोर, हार्नेस माझे, छोटा हत्ती भाड्याचा. धंदा माझ्या एकट्याच्या नावावर. २०२५-२६चा हिशेब वहीत मांडलाय, पानांचे फोटो पाठवतोय. बंगले-सोसायट्या ११ लाख ८० हजार. महापालिकेच्या एका ठेकेदाराकडचा पोटठेका २ लाख ६० हजार. मुळशीतल्या शेतकऱ्यांच्या आंबा-चिकूच्या बागांची छाटणी १ लाख ४० हजार. वखारीला दिलेलं जळण ७० हजार. आता बाणेरची एक कंपनी आवारातल्या झाडांचं वर्षाचं काम देतेय, ६ लाखांचं. पण त्यांना जीएसटी नंबर हवाय. एक मित्र म्हणतो, लिमिट ४० लाख आहे, गप्प बस. दुसरा म्हणतो, झाडांचं काम म्हणजे शेती, त्याला टॅक्सच नाही. वडील म्हणतात, व्हॅट नंबर घेतला की इन्स्पेक्टर दारात. फांद्यांचा भुगा करणारं मशीनही घ्यायचंय, कोटेशन ३ लाख अधिक ५४ हजार जीएसटी असं आहे. नंबर घेऊ का? की कंपनीचं काम भावाच्या नावावर दुसरी फर्म काढून करू? — एक वाचक, वारजे

उत्तर : आधी वडिलांची शंका मिटवू. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ला आला आणि १ जुलै २०१७ला जीएसटीने त्याला घरी पाठवलं. आता तो पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्या वस्तूंपुरता उरलाय. तुमची त्याची गाठ कटरमध्ये पेट्रोल भरताना पडते तेवढीच, आणि त्या पेट्रोलवरच्या कराचं क्रेडिट (म्हणजे खरेदीवर दिलेला कर स्वतःच्या भरायच्या करातून वळता करून घेणं) जीएसटी नंबर घेतला तरी तुम्हाला मिळणार नाही. हे लक्षात ठेवा, पुढे हिशेबात लागेल.

पहिल्या मित्राचे ४० लाख खरे आहेत, पण ते फक्त माल विकणाऱ्याला. किराणा दुकानदाराला, हार्डवेअरवाल्याला. सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात मर्यादा २० लाखांची. तुम्ही जळणही विकता म्हणून माल विकणारे होत नाही. माल आणि सेवा दोन्ही असेल तर २० लाखच.

दुसरा मित्र अर्धा बरोबर आहे, आणि असाच सल्ला जास्त महागात पडतो. मुळशीच्या बागेतली छाटणी शेतमालाच्या उत्पादनाशी थेट जोडलेली, म्हणून ती सेवा करमुक्त. पण प्रभात रोडवरच्या बंगल्याच्या अंगणात हापूस असला म्हणून ते अंगण बाग होत नाही. बंगले, सोसायट्या, कंपन्या यांच्या आवारातलं काम ‘लँडस्केपची निगा’ या सदरात जातं. त्याचा सेवा-कोड ९९८५९७ आणि दर १८ टक्के.

आता तुमची वही. अक्षर सुरेख आहे आणि दर शनिवारी बेरीज मारलेली आहे, हे मी माझ्या ऑफिसात येणाऱ्या दुकानदारांना दाखवणार आहे. पण शेवटच्या पानावर तुम्ही ११ लाख ८० हजारांभोवती गोल काढून ‘टॅक्सवाले’ लिहिलंय आणि बाकीचे आकडे ‘सोडून’ या मथळ्याखाली ढकललेत. तसं सोडता येत नाही. २० लाख मोजताना करपात्र, करमुक्त सगळं धरायचं, आणि एका पॅनवरचं सगळं एकत्र. बागांच्या छाटणीवर कर नाही, जळाऊ लाकडावर कर शून्य, तरी दोन्ही आकडे बेरजेत येतात. मजुरी, टेम्पोभाडं वजा करून राहिलेली रक्कमही इथे कामाची नाही, बिलाची पूर्ण रक्कम धरायची. आणि बिल दिलं की धरायची. सोसायटीच्या खजिनदाराने पैसे दोन महिने अडकवले असले तरी. म्हणजे तुमची उलाढाल १६ लाख ५० हजार.

खरं तर त्याहून थोडी जास्तच. वहीत एक ओळ आहे : ‘सहकारनगर, सोनमोहर २, लाकूड आपण नेलं, ५०० वजा, ६५०० आले’. काम ७,००० रुपयांचं झालं. त्यातले ५०० रुपये तुम्ही ओंडक्यांच्या रूपात घेतलेत. मोबदला वस्तूच्या रूपात आला तरी तो मोबदलाच, तेव्हा तिथे ७,००० धरा. अशा ओळी मला पानापानावर दिसतात. पुण्यात फुकट लाकूड न्यायला देतानाही पाचशे कमी करून घेणारे घरमालक भेटायचेच.

उलट एक रक्कम तुम्ही उगाच मिळवली आहे. झाड उतरवायची परवानगी १९७५च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याखाली मालकाच्या नावाने घ्यावी लागते. त्या अर्जाची फी किंवा अनामत तुम्ही स्वतःच्या खिशातून भरता आणि नंतर बिलात लावता. पावती मालकाच्या नावाची असेल, बिलात ती रक्कम वेगळी दाखवली असेल आणि भरली तेवढीच घेतली असेल, तर ती तुमची उलाढाल नाही. पावतीची प्रत बिलाला जोडत जा.

अशी वजाबाकी-बेरीज करून तुम्ही १६-१७ लाखांच्या घरात राहता. आजच्या घडीला नोंदणीची सक्ती नाही. कंपनीचं काम नसतं तर मी लिहिलं असतं की नंबर घेऊ नका, आणि उत्तर इथेच संपलं असतं.

कंपनीचे ६ लाख धरले की २२ लाख ५० हजार होतात. मग प्रश्न असा की १८ टक्के कोणाच्या खिशातून जाणार. कंपनी स्वतः जीएसटी भरते. तुम्ही ६ लाखांवर १ लाख ८ हजार कर लावलात तर तो ती आपल्या करातून वळता करून घेते, तिला काही जाणवत नाही. बंगल्यातल्या आजोबांना मात्र वळता करायला काही नाही. सोसायट्यांचंही बहुधा तेच, कारण सभासदाचा मेंटेनन्स महिन्याला साडेसात हजारांच्या आत असेल तर त्यावर जीएसटी नाही, आणि जिथे कर भरत नाहीत तिथे क्रेडिट कुठलं? या लोकांसाठी तुमचे १८ टक्के म्हणजे सरळ भाववाढ. नंबर एकदा घेतला की तो सगळ्या करपात्र कामाला लागतो. कंपनीला बिल नंबराचं आणि बंगल्याला साध्या पावतीचं असं चालत नाही.

आकड्यात बघा. बंगले-सोसायट्यांनी एक रुपयाही वाढवून दिला नाही, तर त्या ११ लाख ८० हजारांत कर आत धरला जाईल : १० लाख तुमचे, १ लाख ८० हजार सरकारचे. आता कंपनीच्या ६ लाखांतून मजुरी, टेम्पो, पेट्रोल जाऊन शंभरातले तीस रुपये उरतात असं धरू. तेही १ लाख ८० हजारच. म्हणजे वर्षभर बाणेरला पोरं चढवून हातात जेमतेम भोपळा.

त्यात तुमच्या धंद्याला क्रेडिट फारसं नाही. मोठा खर्च मजुरीचा, त्यावर कर नसतो. छोटा हत्तीवाल्याकडे नंबर नसणार. पेट्रोलचं वर सांगितलं. राहता राहिले चेन, बार, दोर, हेल्मेट, मशिनची दुरुस्ती. वर्षाला लाखभराचं सामान धरलं तरी परत मिळणार १५-१८ हजार.

पोटठेक्याची गंमत वेगळीच. महापालिकेला थेट दिलेली निव्वळ सेवा, म्हणजे माल न पुरवता केलेलं छाटणीचं काम, करमुक्त आहे, कारण शहरातली झाडं-बागा हे राज्यघटनेने नगरपालिकांकडे सोपवता येणाऱ्या कामांत धरलंय. पण ही सूट महापालिकेला बिल देणाऱ्याची. तुम्ही बिल ठेकेदाराला देता, तेव्हा तुमच्या बिलावर १८ टक्के लागणार. आणि त्याचं पुढचं काम करमुक्त असल्यामुळे त्याला तुमच्या कराचं क्रेडिट मिळणार नाही. तो तुमच्याशी बंगल्यातल्या आजोबांपेक्षाही जोरात घासाघीस करेल, याची तयारी ठेवा.

म्हणून सगळं येऊन थांबतं ते भाव वाढवता येतात का इथे. माझा अंदाज, दहा टक्के वाढवता येतील. तुमच्या वहीत तीच तीच घरं दर वर्षी दिसतात. एरंडवण्यातला एक पत्ता तर चार वर्षं सलग आहे, दर वेळी त्याच गुलमोहराच्या फांद्या. ज्याच्या माणसांनी विजेच्या तारेवरची फांदी दोर बांधून अलगद उतरवलेली बघितलीय, त्याला घरमालक हजार रुपयांसाठी सोडत नाही. दहा हजारांचं काम कर धरून अकरा हजारांना करा. त्यात १,६७८ रुपये कर, तुम्हाला ९,३२२. सगळ्या बंगले-सोसायट्यांचं मिळून वर्षाला ८० हजार कमी पडतील, क्रेडिट वजा जाता साठ-पासष्ट हजार. ठेकेदाराने ताणलं तर तिथे आणखी थोडे. समोर कंपनीचे १ लाख ८० हजार. असा हिशेब जमतो.

कोणी तुम्हाला कंपोझिशन सुचवेल. ५० लाखांपर्यंतच्या सेवावाल्यांना सहा टक्क्यांत मोकळं व्हायची सोय २०१९पासून आहे. यात कर गिऱ्हाइकाकडून वेगळा मागता येत नाही, क्रेडिट नाही, आणि सहा टक्के करमुक्त कामासकट सगळ्या उलाढालीवर. तुमचे २२ लाख ५० हजार गुणिले सहा टक्के म्हणजे १ लाख ३५ हजार खिशातून. शिवाय कंपनीला तुमच्या बिलावर क्रेडिट मिळणार नाही, म्हणजे जिच्यासाठी नंबर घ्यायचा तिलाच त्याचा उपयोग नाही. ज्यांची सगळीच गिऱ्हाइकं बंगलेवाली आहेत आणि तरीही २० लाख ओलांडतात, त्यांनी कंपोझिशन जरूर बघावं. तुम्ही नाही.

आणखी एक आकडा तुम्ही आतापर्यंत काढला असेलच. पोटठेका सोडला तर १९ लाख ९० हजार! कायद्याने यात काही गैर नाही. काम नाकारणं हा तुमचा हक्क आहे. पण मेमध्ये वळवाचा एक पाऊस झाला की एका संध्याकाळी पाच फोन येतात : झाड गाडीवर पडलंय, फांदी गेटवर आडवी आहे. तेव्हा काय सांगणार, माझी लिमिट भरत आली? दहा हजारांच्या फटीत वर्ष काढता येत नाही.

भावाच्या नावाचं थोडक्यात. पॅन वेगळा म्हणजे कायद्याच्या नजरेत माणूस वेगळा, हे खरं. भाऊ खरोखर आपली माणसं, आपली मशिनं, आपलं बँक खातं घेऊन धंदा करत असेल तर त्याचे २० लाख वेगळे. पण पोरं तीच, कटर तीच, मोबाइल नंबर तुमचाच आणि बिलबुक तेवढं भावाचं, असं असेल तर अधिकारी दोन्ही एकत्र करायला निघेल, आणि तेव्हा कर, १८ टक्के व्याज आणि दंड एकदम दारात येईल. आणि कंपनी नंबर मागते आहे. भावालाही तो काढावाच लागेल. मग फायदा काय झाला?

कोणाला कळणार आहे, असंही वाटून घेऊ नका. ठेकेदार तुमचा एक टक्का टीडीएस कापतो, त्यातून रक्कम आयकर खात्याकडे गेलेलीच असते. जुलै २०२५मध्ये कर्नाटकच्या खात्याने बंगळूरच्या छोट्या दुकानदारांना यूपीआयवर जमा झालेल्या रकमांवरून नोटिसा धाडल्या होत्या. तुमचे बंगलेवाले आता सगळे स्कॅन करूनच पैसे देतात ना?

तर करायचं काय. आधी कंपनीच्या खरेदी विभागाला नीट विचारा की नंबर खरंच लागतो का. नोंदणी नसलेल्याकडून अशी सेवा घ्यायला कायद्याची मनाई नाही, तुमच्या बिलावर त्यांना उलटा कर, म्हणजे तुमच्याऐवजी त्यांनीच भरायचा करही, भरावा लागत नाही. पुष्कळदा अडचण एवढीच असते की संगणकातला तो रकाना रिकामा ठेवला की व्हेंडर कोड तयार होत नाही. ‘नोंदणी नाही’ असं लेखी दिल्यावर काही कंपन्या मान्य करतात. तसं झालं तर बहुधा जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत तुम्ही नोंदणीशिवाय काम करू शकता. ज्या दिवशी २० लाख ओलांडाल त्या दिवसापासून ३० दिवसांत अर्ज करायचा. मुदत पाळली तर कर ओलांडल्या दिवसापासून पुढे, आधीच्या २० लाखांवर नाही. मुदत चुकवली तर दंड १० हजार किंवा बुडालेला कर, यातलं जे जास्त असेल ते. त्यासाठी वहीत शनिवारच्या बेरजेशेजारी एप्रिलपासूनची चढती बेरीज लिहायला लागा.

कंपनीने नंबराशिवाय चालवून घ्यायला नकार दिला आणि कामाची ऑर्डर लेखी हातात आली, तर एप्रिलमध्ये आपणहून नोंदणी करा, साधी, कंपोझिशन नको. ऑर्डर तोंडी असेल तर थांबा. ‘साहेब हो म्हणालेत’ यावर नंबर घेऊन बसलेले आणि नंतर शून्याची रिटर्नं भरत राहिलेले लोक मी पाहिलेत.

भुग्याचं मशीन मात्र नोंदणीच्या आधी घेऊ नका. नोंदणीच्या दिवशी शिल्लक असलेल्या सामानाचं क्रेडिट मिळू शकतं, मशिनरीचं मिळत नाही. मार्चअखेरीच्या सवलतीला भुलून घेतलंत तर ५४ हजार गेले. नोंदणीनंतर, बिलावर स्वतःचा नंबर घालून घेतलंत तर ते क्रेडिट तुमचं, करमुक्त कामाच्या प्रमाणात नऊ-साडेनऊ टक्के सोडावे लागतील तेवढे सोडून. त्या ५४ हजारांवर आयकरात घसारा मात्र लावायचा नाही. आणि पाच वर्षांच्या आत नंबर रद्द केलात तर उरलेल्या काळाचा हिस्सा परत भरावा लागेल.

सोसायट्यांशी वार्षिक करार करता त्यात आजपासूनच एक ओळ घाला : ‘जीएसटी लागू झाल्यास वेगळा’. ही ओळ नसली की ठरलेल्या रकमेत कर आलाच असं सोसायटी म्हणते, आणि तिचं चुकत नाही.

बाकी सोपं. नोंदणीला सरकारी फी नाही. पॅन, आधार, फोटो, बँकेचा पुरावा, आणि घर वडिलांच्या नावावर असेल तर वीजबिलासोबत त्यांचं संमतिपत्र. दारावर नाव आणि नंबराची पाटी लावावी लागते, वडिलांना तेवढं आधी समजावून ठेवा. पाच कोटींच्या आत असल्यामुळे रिटर्न तीन महिन्यांनी भरायचा पर्याय घ्या, पैसे मात्र दर महिन्याला भरायचे असतात. उशिराला दिवसाला ५० रुपये, तुमच्या आकाराच्या धंद्याला एका रिटर्नला जास्तीत जास्त २,०००. शून्याचं रिटर्न असेल तर दिवसाला २० आणि कमाल ५००. आणि जीएसटी घेतला की व्यवसाय कराची नावनोंदणी आलीच, वर्षाला २,५०० रुपये. हे अर्ज भरून देणारा एजंट बहुतेक वेळा सांगत नाही.

प्रश्न : आमच्या कोथरूडच्या सोसायटीत पावसाळ्याआधी रेन ट्री छाटून घ्यायचा आहे. एकाने ४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी असं कोटेशन दिलं, पण कागदावर नंबर नाही. विचारलं तर ‘प्रोसेसमध्ये आहे’ म्हणतो. ७,२०० द्यायचे का? — सेक्रेटरी

उत्तर : नाही. नोंदणी नसलेल्याला कर गोळा करायचा अधिकारच नाही, आणि कंपोझिशनमध्ये असलेल्यालाही बिलावर वेगळा कर लावता येत नाही. नंबर मिळाला की तो पंधरा अक्षरांचा आहे का, सुरुवात २७ने होते का आणि पुढची दहा अक्षरं त्याच्या पॅनची आहेत का ते बघा. जीएसटीच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही नंबर तपासता येतो : नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, साधी की कंपोझिशन, सगळं दिसतं. तोवर ४०,०००चं साधं बिल घ्या. आणि छाटणीची महापालिकेची परवानगी कोणी काढायची ते त्याच कागदावर लिहून घ्या. अर्ज सोसायटीच्या नावाने असतो, त्यामुळे परवानगीशिवाय कटर चालला तर नोटीसही सोसायटीला येते.